प्रभावी पाठाचे नियोजन : टाचणातला एक रकाना



गेल्या महिन्यात आमच्या शाळेवर आंतरवासितेसाठी डी.एल.एड.चे तीन विद्यार्थी आले. आमची शाळा दोनशिक्षकी, पहिली ते चौथी. माझ्याकडे तिसरी आणि चौथी. त्यांच्यातली एक छात्राध्यापिका पहिल्याच दिवशी टाचण घेऊन सहीला आली. छापील टाचण, भोवती रंगीत चौकट, अगदी नीटनेटके. विषय गणित, घटक वेळापत्रक वाचन. मी वाचत गेले. पट ४२, उपस्थिती ४०. आमच्या चौथीचा पट आहे ११. पुढे पूर्वज्ञानाच्या रकान्यात लिहिलेले, 'विद्यार्थ्यांनी रेल्वे स्थानक पाहिले आहे.' आमच्या वर्गात एकाच मुलाने रेल्वे पाहिलेली आहे, तीही मामाच्या गावी परळीला गेला तेव्हा. बाकीच्यांनी मोबाईलवर पाहिली तेवढीच.

मी विचारलं, "हे टाचण कुठून आणलंस गं?"

ती खाली बघून म्हणाली, "मॅडम, ग्रुपवर पीडीएफ आली होती. सगळ्यांनी तीच घेतली."

मला रागवायचं होतं, पण रागवता आलं नाही. कारण वीस वर्षांपूर्वी मीही तेच केलं होतं. फरक एवढाच की तेव्हा पीडीएफ नव्हती, वरच्या वर्षाच्या ताईची फाईल होती. त्या फाईलवरून घेतलेल्या माझ्या पाठाचं काय झालं, ते आज तुम्हाला सांगते. नवीन छात्राध्यापकांना त्याचा उपयोग होईल असं वाटतं.

आम्ही टाचण कसे शिकलो

मी २००६ ते २००८ या काळात डी.एड. केलं. बारावी झाली, घरच्यांनी सांगितलं, डी.एड. कर. तेव्हा आमच्या भागात हुशार मुलगी म्हणजे डी.एड., असं समीकरणच होतं.

पहिल्या वर्षी सूक्ष्म अध्यापन असायचं. एका वेळी एकच कौशल्य, पाच-सात मिनिटांचा पाठ, आणि समोर विद्यार्थी म्हणून आपलेच वर्गमित्र. सज्जता प्रवर्तन, प्रश्न कौशल्य, फलक लेखन, प्रबलन, चेतक बदल. शिकवायचं, चुका ऐकायच्या, पुन्हा नियोजन करायचं, पुन्हा शिकवायचं. ही पद्धत १९६० च्या दशकात अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झाली, हे आम्ही परीक्षेपुरतं पाठ केलेलं. मग सेतुपाठ, मग सराव पाठ आणि शेवटी छात्रसेवाकाल.

टाचणाचा साचा ठरलेला होता. घटक, उपघटक, उद्दिष्टे, स्पष्टीकरणे, पूर्वज्ञान, शैक्षणिक साहित्य. त्यानंतर प्रास्ताविक, हेतुकथन, विषय विवेचन, संकलन, उपयोजन, गृहपाठ. या पायऱ्यांचं मूळ जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्ट यांच्या विचारात आहे आणि त्यांच्या शिष्यांनी त्याची पंचपदी केली. उद्दिष्टे लिहायची ती ब्लूम यांच्या १९५६ च्या वर्गीकरणावरून. ज्ञान, आकलन, उपयोजन वगैरे. 'विद्यार्थी सांगतो', 'विद्यार्थी ओळखतो', 'विद्यार्थी फरक स्पष्ट करतो', अशी वाक्यं आम्ही झोपेतसुद्धा म्हणत असू.

गंमत बघा. हर्बार्ट यांचा सगळा भर एका गोष्टीवर होता. मुलाच्या मनात आधी जे आहे, त्याला नवीन ज्ञान जोडलं तरच ते टिकतं. म्हणजे पूर्वज्ञान हाच पाठाचा पाया. आणि आम्ही मात्र टाचणात सगळ्यात कमी वेळ त्याच रकान्यावर घालवायचो. एक ओळ, तीही फाईलमधून उतरवलेली.

माझा वजनाचा पाठ

दुसऱ्या वर्षी छात्रसेवाकालासाठी मला धारूर तालुक्यातल्या डोंगरपट्ट्यातली एक जिल्हा परिषदेची शाळा मिळाली. डिसेंबर महिना. चौथीचा वर्ग, गणित, घटक मापन, उपघटक वजन.

दोन रात्री जागून मी तयारी केली. हँगर आणि दोन ताटल्यांचा तराजू केला. वाळूच्या पिशव्या भरल्या, पाव किलो, अर्धा किलो, एक किलो. साखरेचा एक पुडा विकत आणला. रंगीत तक्ता केला, त्यावर हत्ती, गाय, शेळी, कोंबडी यांची चित्रं. पट ३१ म्हणून पाच-सहा जणांचे सहा गट आणि प्रत्येक गटाला एक कृतिपत्रिका. टाचणाच्या डाव्या बाजूला माझे प्रश्न आणि उजव्या बाजूला मुलांची अपेक्षित उत्तरं. पाठ ३५ मिनिटांचा, कुठल्या मिनिटाला काय, सगळं लिहिलेलं.

वर्गात गेले तर १३ मुलं.

मला वाटलं आज बाजार असेल, नाहीतर कुठं लग्न. मागे आमचे अध्यापकाचार्य सर निरीक्षण वही घेऊन बसलेले. थांबून विचारायचं धाडस झालं नाही. सहा गट केलेच. दोन-दोनचे पाच आणि तिघांचा एक. गट कसले, जोड्याच त्या.

प्रास्ताविकात पहिला प्रश्न विचारला, "बाळांनो, साखर कशात मोजतात?" अपेक्षित उत्तर लिहिलेलं होतं, 'किलोग्रॅममध्ये.'

भिंतीला टेकून बसलेल्या एका मुलीने हात वर केला. म्हणाली, "टनावर."

पोरं हसली. मीही हसले. "नाही, चूक. बस खाली. दुसरं कोण सांगेल?" दुसऱ्या मुलाने "किलोवर" म्हटलं. मी "शाब्बास" म्हणाले, फळ्यावर 'किलोग्रॅम' लिहिलं, हेतुकथन केलं आणि पाठ पुढे नेला. पाठ वेळेत संपला. फलक लेखन सुंदर झालं. ती मुलगी मात्र नंतर पूर्ण तासात एकदाही बोलली नाही. कृतिपत्रिका तिच्या जोडीदारणीनेच भरली.

सरांनी वहीत तीन ओळी लिहिल्या. साहित्य चांगले, फलक लेखन उत्तम, वेळेचे नियोजन योग्य. आणि खाली चौथी ओळ, 'ती मुलगी टन का म्हणाली, हे विचारले का?'

त्या एका ओळीने मला रात्रभर झोप लागू दिली नाही.

गुरुजींनी सांगितलेलं

शाळा सुटल्यावर वर्गशिक्षक गुरुजींना विचारलं, "गुरुजी, आज पोरं एवढी कमी का?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "अगं, तू बीड जिल्ह्यातलीच ना? तोडीला गेलीत. दिवाळी झाली की गाव निम्मं रिकामं. आता उन्हाळ्याच्या तोंडावरच येतील."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण मला हे माहीत नव्हतं असं नाही. माझे सख्खे चुलते-चुलती दरवर्षी तोडीला जायचे. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळीचा ट्रक गावात यायचा, भांडीकुंडी, शेरडं, पोरं सगळं त्यात चढायचं आणि ट्रक पश्चिम महाराष्ट्राकडे, नाहीतर कर्नाटकात जायचा. लहानपणापासून मी ते डोळ्यांनी पाहिलेलं. पण टाचण लिहिताना मी हे सगळं बाहेर ठेवलं होतं. टाचणात हत्ती होता, ऊस नव्हता.

गुरुजींनी त्या मुलीबद्दलही सांगितलं. तिचे आईवडील एक कोयता. म्हणजे नवराबायकोची जोडी. चार हंगाम ती त्यांच्याबरोबर फडावर जायची, कोपीत राहायची, धाकट्या भावाला सांभाळायची. या वर्षी गुरुजींनी घरी जाऊन समजूत काढली, म्हणून आजीजवळ गावात राहिली. फडावर सगळा हिशोब टनावर. गाडी भरली की कारखान्याच्या काट्यावर जाते, वजन होतं, पावती मिळते. किती टन झाले यावर उचल फिटणार की नाही, हे ठरतं.

गुरुजी म्हणाले, "तिनं साखरेचं वजन तिच्या घरात जसं ऐकलं तसं सांगितलं. आणि मॅडम, कारखान्यावर साखरेचा हिशोब टन-क्विंटलमध्येच असतो की! तिचं उत्तर चूक कुठं होतं?"

खरंच, चूक नव्हतंच ते. माझा प्रश्न ढोबळ होता. 'दुकानातून घरी आणताना साखर कशात मोजून देतात?' असं विचारायला हवं होतं. माझ्या उजव्या रकान्यात जे लिहिलेलं नव्हतं, त्याला मी चूक म्हणून मोकळी झाले. चौथीच्या वर्गात किलोच्या पुढचं माप माहीत असलेली ती एकटीच मुलगी असावी, आणि तिलाच मी खाली बसवलं.

दुसऱ्या दिवशी

मी गुरुजींना विनंती केली, मला तोच घटक परत घेऊ द्या. या वेळी टाचण एका पानाचं. सकाळी परिपाठाच्या आधी त्या मुलीला बाजूला घेऊन म्हणाले, "काल मी तुला नीट विचारलं नाही, माझं चुकलं. टन किती मोठा असतो, मला सांगशील का?"

ती आधी बोलेना. मग हळूच म्हणाली, "लई मोठा असतो. लई मोळ्या लागत्यात."

"वर्गात सांगशील?"

तिने मान हलवली.

पाठाची सुरुवात मोळीपासून झाली. मोळी कोण उचलतं, किती जड असते, किलोची वाळूची पिशवी हातात घेऊन अंदाज करा. कुणी म्हणालं दहा किलो, कुणी म्हणालं पन्नास. शेवटी हिशोबापुरती एक मोळी २० किलोची धरायची ठरवलं. मग फळ्यावर मापांची शिडी काढली. १००० ग्रॅम म्हणजे १ किलो. १०० किलो म्हणजे १ क्विंटल. १० क्विंटल म्हणजे १ टन. म्हणजे १ टनात १००० किलो. आता सांगा, २० किलोच्या किती मोळ्या झाल्या म्हणजे एक टन?

पाच मोळ्यांचे १०० किलो, म्हणजे एक क्विंटल. असे दहा क्विंटल. त्याच मुलीने उत्तर काढलं, "पन्नास." आणि मग आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाली, "म्हंजी माय पन्नास येळा डोस्क्यावर घेती, तवा एक टन व्हतो."

वर्गात कुणी हसलं नाही. मलाही काय बोलावं सुचेना.

नंतर मी साखरेचा पुडा वर धरला. गुरुजी मागून म्हणाले, एक टन उसातून साधारण एक क्विंटलभर साखर निघते. मग असे किलोचे पुडे किती? शंभर. जे गणित आदल्या दिवशी हत्ती आणि कोंबडीवर अडून बसलं होतं, ते अर्ध्या तासात सुटलं.

तास संपल्यावर ती माझ्याजवळ आली. "मॅडम, काट्याच्या पावतीवर लिव्हलेलं मला वाचता यील का आता?"

मी टाचणात 'उपयोजन' या पायरीखाली आजपर्यंत खूप काही लिहिलं आहे. पण उपयोजन म्हणजे काय, हे मला त्या प्रश्नाने कळलं.

मग टाचण कसे लिहावे?

तेव्हापासून मी काही सवयी लावून घेतल्या. छात्राध्यापकांसाठी त्या सांगते.

१. आधी वर्ग पाहा, मग टाचण लिहा. पाठाच्या आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत अर्धा तास मुलांत बसा. घटकाशी संबंधित दोनच प्रश्न सहज गप्पांत विचारा. मुलं जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. तेच तुमचं पूर्वज्ञान.

२. पट आणि हजर असे दोन आकडे लिहा. आपल्या जिल्ह्यात दिवाळीनंतर या दोन आकड्यांत फार अंतर पडतं. आता हंगामी वसतिगृहांमुळे आईवडील तोडीला गेले तरी बरीच मुलं गावातच राहतात, जेवणाची सोय होते. तरी काही जातातच. गटकार्य हजर मुलांवर ठरवा.

३. उद्दिष्ट एकच, पण पक्कं. ३५ मिनिटांत पाच उद्दिष्टं साध्य होत नाहीत, ती फक्त कागदावर होतात. 'आज तास संपल्यावर मुलाला हे करता आलं पाहिजे', असं एक वाक्य लिहा. ते लिहिता येत नसेल तर पाठ अजून तुमच्याच मनात स्पष्ट नाही.

४. अपेक्षित उत्तराशेजारी अनपेक्षित उत्तर लिहा. मुलं आणखी काय म्हणू शकतील? दोन-तीन शक्यता लिहून ठेवा. आणि वेगळं उत्तर आलं तर 'चूक' म्हणण्याआधी एकच प्रश्न, "तुला असं का वाटलं?" या प्रश्नाला अर्धा मिनिट लागतो. तो वेळ नियोजनातच धरा.

५. साहित्य गावातलं घ्या. तक्ता करायला हरकत नाही. पण चिंचोके, ज्वारीची कणसं, बाजाराची पिशवी, किराणाची चिठ्ठी, एसटीचं तिकीट हे साहित्य फुकट आहे आणि मुलांच्या ओळखीचं आहे.

६. पाठानंतर दोन ओळी लिहा. काय जमलं, कोण गप्प राहिलं. शक्य तेवढी गप्प राहिलेल्या मुलांची नावं लिहा. उद्याचं टाचण तिथूनच सुरू होतं.

७. जाणाऱ्या-येणाऱ्या मुलांची नोंद ठेवा. स्थलांतर करणाऱ्या मुलाला आपण शिक्षण हमी पत्रक देतो, म्हणजे तिकडच्या शाळेत त्याला बसता येतं. पण परत आल्यावर त्याचे कुठले उपघटक राहिले, हे आपल्याच वहीत हवं. माझ्याकडे 'राहिलेले' नावाची एक साधी वही आहे. मुलगा परत आला की पहिल्या आठवड्यात त्याचं पान उघडायचं.

नमुना म्हणून त्या दिवशीचं एका पानाचं टाचण असं होतं :

घटक : मापन. उपघटक : किलो, क्विंटल, टन.
उद्दिष्ट : विद्यार्थी टनाचे किलो करतो आणि किलोचे क्विंटल करतो.
पट ३१, हजर १३.
पूर्वज्ञान : किलो सर्वांना माहीत. टन शब्द काहींनी घरी ऐकला आहे, किती ते माहीत नाही.
साहित्य : वाळूच्या पिशव्या, साखरेचा पुडा.
वेळ : मोळीच्या वजनावर गप्पा ५ मिनिटे, पिशव्या उचलून अंदाज १०, फळ्यावर मापांची शिडी ८, जोडीत उदाहरणे ९, तोंडी प्रश्न ३. एकूण ३५ मिनिटे.
गृहपाठ : घरातल्या एका वस्तूचे वजन मोठ्यांना विचारून लिहिणे.

एक सावधगिरी

ही गोष्ट मी चुकून शिकले, म्हणून सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मला वाटायचं, मुलांचे अनुभव वर्गात आणले की झालं. एकदा तोडीवरून परत आलेल्या मुलाला मी सगळ्यांसमोर म्हणाले, "तू सांग बरं फडावर काय काय असतं." त्याचा चेहरा पडला. मागून कुणीतरी 'कोयता' म्हणून चिडवलं. तो दोन दिवस शाळेत आला नाही. मुलाचा अनुभव हा त्याचा असतो. तो वर्गात आणायचा तर आधी त्याला एकट्याला विचारायचं, त्याची तयारी नसेल तर सोडून द्यायचं. आणि दुसरं, ऊसतोड कामगाराच्या मुलाला फक्त उसाचीच गणितं द्यायची असंही नाही. त्याला हत्तीचं वजनही कळलं पाहिजे आणि रेल्वेचं वेळापत्रकही वाचता आलं पाहिजे. सुरुवात ओळखीच्या जागेवरून करायची, एवढंच.

शेवटी

त्या छात्राध्यापिकेच्या टाचणावर मी सही केली नाही. तिला म्हटलं, "आज मधल्या सुट्टीत पोरांत बस. त्यांना विचार, तुम्ही घरून कुठं कुठं जाता आणि किती वाजता." ती बसली. दुपारी परत आली तेव्हा छापील टाचणातल्या पूर्वज्ञानाच्या ओळीवर तिने पेनाने काट मारली होती. खाली लिहिलं होतं, 'सकाळी सातची एसटी चुकली तर दवाखान्याला दुपारशिवाय गाडी नाही, हे सर्वांना माहीत आहे. दोघांना घड्याळ वाचता येत नाही. रेल्वे एकानेच पाहिली.' वरचा पट ४२ खोडून ११ केला होता.

दुसऱ्या दिवशी तिने एसटीच्या वेळापत्रकावरून पाठ सुरू केला आणि शेवटी परळीच्या रेल्वेपर्यंत नेला. तिचं फलक लेखन वाकडं झालं, वेळही पाच मिनिटं जास्त गेला. मी सही केली.

माझ्या त्या चौथीतल्या मुलीचं पुढे काय झालं, असं तुम्ही विचाराल. माझा छात्रसेवाकाल संपला आणि मी ते गाव सोडलं. पण तिचं ते 'टनावर' मी विसरले नाही. आजही टाचणाला बसले की सगळ्यात आधी पूर्वज्ञानाचा रकाना भरते, आणि तो वर्गात जाऊन आल्याशिवाय भरत नाही.

तुमच्या सराव पाठात असं काही घडलं असेल, तर आपल्या शाळेवर येणाऱ्या छात्राध्यापकांना ते नक्की सांगा. त्यांना आपल्या तयार फाईलपेक्षा आपली चूक जास्त उपयोगी पडेल.